फोरमन म्हणजे फक्त अलीने पाडलेला माणूस नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेचा बॉक्सर जॉर्ज फोरमन २१ मार्च २०२५ ला वारला. आपल्या क्रीडा पानाच्या तळाशी सहा ओळींत ती बातमी होती आणि त्या सहांतल्या चार ओळी महंमद अलीच्या होत्या. 'अलीकडून हरलेला माजी विश्वविजेता' असं मथळ्यातच होतं. पन्नास वर्षं बॉक्सिंगच्या नादात घालवलेला मी माणूस, ते वाचून जीव हळहळला. आपल्यावर राग नाही, कारण मीही वीस वर्षं फोरमनला तेवढ्यापुरताच ओळखत होतो. म्हणून पत्र लांबलं तरी छापावं, ही विनंती.

१९७४ साली मी सोळा वर्षांचा होतो. भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो, वडील लोको शेडमध्ये फिटर. त्या वर्षी मे महिन्यात रेल्वेचा देशभर संप झाला, ८ तारखेपासून २७ पर्यंत. घरात पगार आला नाही. आईने पाटल्या गहाण टाकल्या आणि जून-जुलै आम्ही कळण्याची भाकरी नि ठेचा यावर काढले. शेडमध्ये 'फोरमन' हे हुद्द्याचं नाव. कामावर कोण आला, कोण नाही, याची नोंद ठेवतो तो फोरमन, असं आम्हा पोरांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. त्यामुळे ३० ऑक्टोबरनंतर 'अलीने फोरमनला लोळवलं' हे कानावर आलं, तेव्हा आमच्या लाइनीत पेढे वाटायचेच काय ते बाकी होतं. कुणी कुणाला आणि कुठे पाडलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला नावच पुरलं.

फौजेतून परतलेले एक हवालदारकाका तेव्हा आम्हा सात-आठ पोरांना बॉक्सिंग शिकवत. त्यांच्याकडे ग्लोव्ह्जचे दोनच जोड होते, दोन्ही उसवलेले. बारदानात तळाला वाळू आणि वर जिनिंगमधला कापसाचा कचरा दाबून भरला की झाली पंचिंग बॅग. आम्ही नाचत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेपरातला फोटो नीट पाहिला, घडी केली आणि एवढंच म्हणाले, "पंचवीस वर्षांचं पोर आहे रे ते. आज त्याला झोप लागायची नाही." त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त दोरी मारायला लावली.

त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. फोरमन खरंच पंचवीस वर्षांचा होता. तोवर चाळीस लढती खेळून चाळीसही जिंकलेला, त्यातल्या सदतीस नॉकआउट. पावणेदोन वर्षांपूर्वी, २२ जानेवारी १९७३ ला, जमैकात किंग्स्टनला त्याने 'जो फ्रेझर'सारख्या अजिंक्य विजेत्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं होतं. हा फ्रेझर कोण, तर १९७१ साली अलीला हरवणारा. असा फोरमन आफ्रिकेतल्या झैरला (आताचं काँगो), किन्शासाला गेला आणि आठव्या फेरीत पडला. अली दोरांना पाठ लावून मार खात राहिला, फोरमन मारून मारून थकला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दुसरी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. फोरमनने सोबत आपला जर्मन शेफर्ड कुत्रा नेला होता. झैरवर बेल्जियमचं राज्य होतं तेव्हा तिथले पोलीस असली कुत्री लोकांवर सोडायचे. लढतीआधीच तिथली जनता त्याच्या विरोधात गेली आणि त्याला कारणही कळलं नाही. आमच्या लाइनीत त्याचं आडनाव आड आलं, तिथे त्याचा कुत्रा.

आता तो कुठून आला ते सांगतो, कारण माझा जीव खरा तिथे गुंतलाय.

जन्म १० जानेवारी १९४९, टेक्सासमधल्या मार्शल गावचा. वाढला ह्यूस्टनच्या 'फिफ्थ वॉर्ड' नावाच्या गरीब वस्तीत. सात भावंडं, आई राबून पोसायची. शाळेत डबा न्यायला घरात काही नसे, तेव्हा तो कागदाची रिकामी पिशवी फुगवून न्यायचा. इतर पोरांना वाटावं, आत जेवण आहे. पुढे शाळा सुटली, वाटमारी सुरू झाली. एकदा पोलिसांच्या कुत्र्यांना माग लागू नये म्हणून एका घराखाली शिरून त्याने अंगाला चिखल फासला. तिथे पडल्या पडल्या त्याला पहिल्यांदा उमगलं की आपण चोर झालोय. १९६५ साली तो 'जॉब कॉर्प्स' या सरकारी योजनेत गेला. शाळा सुटलेल्या गरीब पोरांना राहायला जागा, पोटभर जेवण आणि एखादं कसब देणारी ती योजना. तिथल्याच कॅलिफोर्नियाच्या केंद्रात डॉक ब्रॉडस नावाच्या माणसाने त्याला, मारामाऱ्या करायच्या तर रिंगमध्ये कर, म्हणून ग्लोव्ह्ज दिले. जानेवारी १९६७ मध्ये पहिली हौशी लढत आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये मेक्सिको ऑलिम्पिकचं सुवर्णपदक. दोन वर्षंही लागली नाहीत.

ते पिशवीचं मी बऱ्याच वर्षांनी वाचलं आणि वाचून पुस्तक मिटून बसलो. कारण तशी पिशवी मी डोळ्यांनी पाहिली आहे.

निवृत्त झाल्यावर मी हवालदारकाकांचं काम हाती घेतलं. पहाटे साडेपाच ते साडेसात, एका संस्थेच्या पडीक गोदामात. बावीस मुलं, त्यातल्या पाच मुली. कुणाचा बाप केळीच्या गाड्या भरतो, कुणाचा वीटभट्टीवर. एक मुलगा होता, बारा वर्षांचा, पायाने चपळ, डावा हात असा की माझ्या पॅडवर टक्कन वाजायचा. सराव संपला की बाकीची मुलं भिंतीपाशी बसून काहीबाही खायची. हा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसायचा, झाकणावर दोन्ही हात. विचारलं तर, "मले आता भूक नही सर, शाळेत खाईन." दोन महिने हेच ऐकलं. एक दिवस तो दोरी मारत होता आणि मी जागा झाडायला त्याचा डबा उचलला. हलका. आत चमचा होता, तो कडेला लागून किणकिणला. मी डबा होता तिथे ठेवला आणि त्याला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून बायकोने सगळ्यांसाठी भाजलेले शेंगदाणे नि गूळ द्यायला सुरुवात केली. गाड्या भरताना फणीतून सुटलेली केळी एक शेतकरीदादा पाठवू लागले. सगळ्यांना सारखंच द्यायचं, कुणाला वेगळं नाही, हा नियम तिचाच. आपल्या केळीच्या मुलखात एखादं लेकरू रिकामा डबा घेऊन बसतं, हे लिहिताना आजही हात थांबतो.

हारल्यावर फोरमनचं काय झालं, ते मात्र बातमीत यायलाच हवं होतं. सुरुवातीला त्याने कारणं दिली. दोर सैल होते, पाण्यात काहीतरी होतं, पंचाने घाईने आकडे मोजले. ही सगळी कारणं माझ्या मुलांकडून मी दर महिन्याला ऐकतो. पुढे त्याने ती एकेक करून सोडली आणि अली सरस होता असं मोकळेपणाने सांगू लागला. १९७७ च्या मार्चमध्ये पोर्टो रिकोला जिमी यंगकडून हरल्यावर कपडे बदलायच्या खोलीत त्याला देवाचा साक्षात्कार झाला, असं तो सांगायचा. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ज्याचं त्याने ठरवावं. मी माळकरी घरातला आहे, मला त्यात नवल वाटत नाही. मुद्दा हा की त्यानंतर दहा वर्षं त्याने रिंगमध्ये पाऊल टाकलं नाही. ह्यूस्टनमध्ये तो धर्मोपदेशक झाला, तिथल्या मुलांसाठी केंद्र उघडलं, ज्यात व्यायाम, खेळ आणि बॉक्सिंगही होतं. पैसे संपत आले. देणग्यांसाठी हात पसरणं त्याला जड जाऊ लागलं. मग ते केंद्र चालू ठेवायला, अडतिसाव्या वर्षी, १९८७ साली तो पुन्हा लढायला उभा राहिला. वजन १२१ किलो. किन्शासाला तो साधारण शंभर किलोचा होता. लोक हसले. तो लहान लहान गावांत, अनोळखी लोकांशी लढत राहिला. १९९१ साली तेव्हाचा विश्वविजेता होलिफील्ड याच्याशी पूर्ण बारा फेऱ्या लढला, हरला, पण खाली पडला नाही.

आणि मग ५ नोव्हेंबर १९९४. लास वेगास. समोर विश्वविजेता मायकल मूरर, वय सव्वीस, डावखुरा, पस्तीस लढतींत एकही हार नाही. फोरमन पंचेचाळीस वर्षांचा. अंगात तीच लाल चड्डी, जी घालून तो वीस वर्षांपूर्वी अलीकडून हरला होता. त्याच्या कोपऱ्यात होता प्रशिक्षक अँजेलो डंडी, जो १९७४ मध्ये अलीच्या कोपऱ्यात होता. दोन फेऱ्यांच्या मधे फोरमन स्टुलावर बसत नसे, उभाच राही. नऊ फेऱ्या मूररने त्याला बडवलं. तिन्ही पंचांच्या कागदावर फोरमन मागे होता.

दहावी फेरी मी मुलांना मोबाइलवर कितीदा दाखवली असेल. फोरमन जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारत असतो, साधा, सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखा. मूररला त्याची सवय होते. मग जॅबच्या मागोमाग उजवा. आधी एक लागतो, मूरर जागच्या जागी थांबतो, पाय सरकवत नाही. दुसरा उजवा थेट हनुवटीवर. मारताना लांब झेप नाही, खांदा जेमतेम वळतो. मूरर पाठीवर पडतो आणि दहापर्यंत उठत नाही. फोरमन उड्या मारत नाही. कोपऱ्यात जातो, गुडघे टेकतो आणि डोकं खाली घालतो. इथे मुलं नेहमी गप्प होतात. इतक्या वयात हेवीवेटचं जागतिक विजेतेपद त्याच्याआधी कुणी मिळवलं नव्हतं आणि अजूनही कुणी मिळवलेलं नाही. एकूण हिशोब ८१ लढती, ७६ विजय, त्यात ६८ नॉकआउट. त्याच्या नावाच्या, मांस भाजायच्या विजेच्या ग्रिलवर त्याने पुढे अमाप पैसा कमावला, त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे.

आणखी एक दृश्य. १९९७ साली किन्शासाच्या लढतीवरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाला. अलीला तेव्हा पार्किन्सन्स जडून बरीच वर्षं झाली होती, हात थरथरत. मंचाच्या पायऱ्या चढताना त्याला हात देऊन वर नेलं ते फोरमनने.

अलीच्या आजाराचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पालक मला विचारतात, डोक्याला मार लागला तर? प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे चौदा वर्षांखालचं कुणीही डोक्यावर ठोसा मारत नाही आणि खातही नाही. पाय, गार्ड, श्वास, बॅग, एवढंच. मला यांतून विश्वविजेते काढायचे नाहीत. पहाटे साडेपाचला कुणीतरी आपली वाट बघतंय आणि गेल्यावर मूठभर शेंगदाणे मिळतील, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असावं, इतकाच माझा खटाटोप.

गेल्या दिवाळीत गोदामाला कुलूप लागलं. जागा भाड्याने द्यायची आहे, असं सांगितलं. आमची बॅग काढून घ्यायला दोन दिवसांची मुदत मिळाली. मी चार ठिकाणी अर्ज केले. एका कार्यालयात सांगितलं, बॉक्सिंग आपल्याकडचा खेळ नाही, कुस्तीसाठी मागा. जत्रेतल्या दंगली बघत मी लहानाचा मोठा झालो, कुस्तीबद्दल मला आदरच आहे. पण हवालदारकाका याच भुसावळात पन्नास वर्षांपूर्वी शिकवत होते, मग हा खेळ आपला कसा नाही? आम्हाला रिंग नको, दोर नकोत. पत्र्याची शेड, सपाट जमीन, बॅग टांगायला एक आडवा खांब आणि सकाळचे दोन तास. चौकोन आम्ही चुन्याने आखून घेऊ. झाडलोट आमची, वीज लागत नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाकडे अशी जागा असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी येऊन भेटेन.

सध्या आम्ही रस्त्याकडेच्या एका कडुलिंबाखाली जमतो. बावीसांची चौदा मुलं उरली आहेत. रिकाम्या डब्याचा तो मुलगा अजून येतो, आता डबा आणत नाही. मे महिन्यात सूर्य वर यायच्या आत आटोपावं लागेल, ते जमेल. पण मृग लागला की बॅग भिजेल आणि बारदानात भरलेला कापूस एकदा भिजला की आठ-आठ दिवस वाळत नाही.

कळावे,
आपला जुना वाचक,
एक निवृत्त फिटर, भुसावळ (जि. जळगाव)