हेडफोनची पारख कानाने व्हावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात येणाऱ्या हेडफोनच्या परीक्षणांत किंमत, रंग आणि बॅटरी किती तास चालते याची माहिती तपशिलाने असते; आवाजाविषयी मात्र ‘दमदार बेस’ यापलीकडे क्वचितच काही लिहिलेले असते. ज्या वस्तूचे कामच ऐकवणे आहे, तिच्याबाबत ही उणीव मला फार खटकते.

मी मिरजेचा. आमच्याकडे तंबोरा घ्यायला आलेला गायक भोपळ्यावरची नक्षी पाहतो खरा, पण निवड करतो ती तारा छेडून आणि घोडीवरचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवरचा, धागा सरकवल्यावर जवारी, म्हणजे तारेचा झंकारता, भरलेला नाद, कशी खुलते ते ऐकून. गेल्या दिवाळीत मुलीने मला हौसेने एक देखणा, बराच महाग हेडफोन भेट दिला. त्यावर ओळखीचे ध्वनिमुद्रण लावले, तर डग्ग्याचा घुमारा सगळीकडे पसरलेला आणि तंबोरा म्हणजे नुसती गुणगुण. कारण उघड आहे: काळी एक पट्टीतला खर्ज, म्हणजे तंबोऱ्याच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर, सुमारे ७० हर्ट्झचा, तर जवारीची झळाळी त्याच्या कितीतरी वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उंच नादांत, असते, आणि खालचा भाग फुगवला की तो वरचे बारकावे झाकून टाकतो. त्याच्या पाव किमतीच्या माझ्या जुन्या, तारेच्या हेडफोनवर तीच जवारी स्वच्छ ऐकू येते.

हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देता येणार नाही. अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८३ हेडफोनची मोजमापे तपासली होती. कोणत्या कंप्रतेला, म्हणजे किती हर्ट्झच्या स्वराला, आवाज किती उठतो आणि हेडफोनची किंमत काय, यांत संबंध आढळला नाही. जास्त पैशांत मजबुती, मऊ गाद्या किंवा बाहेरचा गोंगाट कमी करण्याची सोय मिळू शकते, आणि ज्याला त्यांची गरज आहे त्याने ते जरूर मोजावेत. खोक्यावरच्या ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ या आकड्यांवर मात्र विसंबू नये. ती माणसाच्या श्रवणाची साधारण मर्यादा आहे. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे दिले नसेल, तर त्यातून काहीच कळत नाही.

दुकानातही फसगत होते. दोन हेडफोनपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच कानाला सरस वाटतो, म्हणून दोन्हींची पातळी सारखी करून, आपल्या पाठ असलेल्या एकाच ध्वनिमुद्रणावर आलटून पालटून ऐकल्याशिवाय तुलना खरी ठरत नाही.

आपल्या परीक्षकांनीही याच रीतीने ऐकावे आणि कोणते ध्वनिमुद्रण ऐकले, त्यातले काय स्पष्ट आले व काय दबले, हे किमतीच्या आधी लिहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, मिरज