अमळनेरच्या त्या तिघांचे आभार

परवा गाडी दोन तास लेट. अमळनेर स्टेशनजवळच्या हॉटेलात पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली. आईला शुगर, हात थरथरायला लागलेले. आतल्या मावशींनी काही न विचारता आधी गूळ-पाणी दिलं. शेजारच्या टेबलावरच्या बाबांनी ताटातली हात न लावलेली कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची, अजून गरम) आईपुढे सरकवली, "आधी जेवी ले माय." गॅस बंद झाला होता, तरी पोऱ्याने शेवभाजीची कढई पुन्हा चढवली. आईची तर्री काढून माझ्या वाटीत! नाक अजून वाहतंय. पैसे द्यायला उठलो, तर बाबा आमचंही बिल भरून गेलेले. मावशी, भाऊ, बाबा, नावं विचारायची राहिली. मनापासून आभार. आई आता ठणठणीत आहे.