बाळाची कातडी आणि डाळीचं पीठ

महोदय,

पोटाच्या सोनोग्राफीला साधारण २ ते ५ मेगाहर्ट्‌झच्या ध्वनिलहरी वापरतात; त्वचेसाठी २० किंवा त्याहून जास्त. त्वचेच्या त्या चित्रात कोलॅजनचा (कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचा) थर उजळ, खालची चरबी काळसर दिसते. तान्ह्या बाळाचा तो उजळ थर पातळ असतो, वयाबरोबर जाड होत जातो.

हे कळलं आणि आमच्याकडची न्हाऊ घालणारी बाई आठवली. डाळीचं पीठ घेऊन नातवाची पाठ लालबुंद होईस्तोवर लव काढायची, अन् आम्ही कौतुकाने बघायचो! ती लव तर आपोआपच झडते. मोठ्यांचं खाजेचं स्टिरॉइड मलम बाळाला चोळणं त्याहून वाईट. नाजूक कातडीतून ते अंगात जास्त भिनतं.

— एक आजी, सातारा