कादंबरी छापायला दिली आहे

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

कादंबरी प्रकाशकांकडे दिली. सह्याही झाल्या, त्यामुळे आता ती थांबायची नाही. पण बाबा, दुकानात दिसण्याआधी ती तुमच्या हातात पडावी, म्हणून हे पत्र.

रहस्यकथा आहे. नारायण पेठेतल्या एका वाड्यातले चार मित्र १२ जुलै २०११ ला, पन्नास वर्षांनी, पुन्हा भेटतात. पानशेतच्या पुरात वाहून गेला अशी ज्याची नोंद आहे, तो माणूस आदल्या रात्रीच गेला होता, हे फक्त त्या चौघांना ठाऊक असतं. आणि आता आणखी कुणाला तरी कळलेलं असतं.

तुमच्या मनात काय येईल ते मला कळतं. पेठ आपली, वाडा आपल्यासारखा, मित्र चार. पण ते चौघे तुम्ही नाही. तुम्ही म्हणाल, दुसरं गाव घ्यायचं होतंस. सुरुवातीला सातारा घेऊन पाहिलं, पाणी काही चढेना. पूर तेवढा खरा ठेवलाय: काम अपुरं असताना पहिल्याच पावसाळ्यात भरलेलं धरण, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तगवलेला बांध, सकाळी पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली. आदल्या रात्री मात्र पुणं निवांत झोपलं होतं. मला याहून मोठी रात्र कुठे मिळणार होती? मग तो चिखल, पूरग्रस्तांना राहायला दिलेल्या पत्र्याच्या निस्सन हट, नळ बंद पडल्यावर पुन्हा उपसलेल्या जुन्या विहिरी. त्या गोंधळात यादीत एक नाव वाढलं तर कोण विचारतंय!

वीज गेली की मी तुमच्या पोटावर डोकं ठेवून पुराची गोष्ट ऐकायचे. पाणी दिंडी दरवाज्यातून आत शिरलं की तुम्ही थांबायचात. "पुढे काय झालं?" "पुढे झोप." आई हळूच म्हणायची, नको गं विचारू. आताही मी विचारत नाहीये. तुम्ही जिथे थांबायचात, तिथून पुढचं सगळं माझ्या मनचं आहे. संभाजी बागेतल्या काकांनाही हे सांगा. ट्रंकेबद्दल एक अक्षर नाही, खरंच नाही.

आईसाठी मोठ्या अक्षरांत प्रत काढून घेतली आहे, मोतीबिंदूनंतर तिला बारीक टाइप सोसत नाही. तीन भाग केलेत, म्हणजे मनगटावर भार येणार नाही. आरामखुर्चीशेजारी दादा नवा दिवा लावून देईल, त्याची मान हवी तशी वळते. संध्याकाळच्या पोळ्यांनाही आता मावशी येतील, मी बोललेय. आई, नाही म्हणू नकोस.

बाबा, रक्तदाबाची गोळी घेतल्याशिवाय वाचायला बसायचं नाही. रात्री तर मुळीच नाही. अकराव्या प्रकरणात वाड्यात पाणी चढतं, ते आधी आईने वाचावं. ती नको म्हणाली तर सोडून द्या, पुढचं कळायला काही अडत नाही. आणि माळ्यावर कुणीही चढायचं नाही, दोघांनीही.

दादा रविवारी प्रत घेऊन येईल. वाचून लगेच फोन करायलाच हवा असं नाही, दिवाळीच्या आधी मी येतेच आहे. पेठेतला एखादा बोळ चुकला असेल तर समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. प्रुफं अजून यायची आहेत, तेवढं दुरुस्त करता येईल.

तुमची,
चिमी