गाडीतल्या नव्या सेटबद्दल

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गाडीतला टेप आता कायमचाच बंद पडला असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि नवा सेट बसवायचा विषय काढलात. मागून आईचा आवाज आला, "एवढ्या जुन्या गाडीला नवीन सेट कशाला?" आई, यात मी बाबांच्या बाजूने आहे. इंजिन ठणठणीत आहे, तुम्हा दोघांचं येणं-जाणं त्याच गाडीतून होतं, मग त्यात गाणी हवीतच. फक्त माझा एक हट्ट आहे: डॅशबोर्ड कापायचा नाही आणि कंपनीच्या मूळ वायरी तोडायच्या नाहीत. पुढेमागे सेट काढला तर गाडी होती तशी दिसली पाहिजे.

म्हणून दुकानात जायच्या आधी टेपची खाच मोजा. ती 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच असेल तर काळजीच नाही, ते जगभर चालणारं माप आहे. त्याला सिंगल डिन म्हणतात. उंची 100 असेल तर डबल डिन. खूप जुन्या गाड्यांत मात्र मधे पट्टी आणि दोन बाजूंना दोन बटणांच्या दांड्या अशी रचना असते. तिथे आजचा सेट सरळ बसत नाही आणि मग लोक करवत काढतात. तसं असेल तर त्याच जुन्या घडणीचे नवे सेट मिळतात, नाहीतर सेट डॅशबोर्डच्या खाली लावता येतो. खाचेची खोलीही बघा. सीडी नसलेले सेट आखूड असतात, मागे वायरींना जागा उरते.

मोठ्या टचस्क्रीनचा मोह धरू नका, बाबा. काचेवर बोट नेमकं कुठे टेकवायचं हे बघायला रस्त्यावरची नजर काढावी लागते. आवाजाचं गोल बटण हाताला न बघता सापडतं. ब्लूटूथ हवं, म्हणजे आईच्या फोनवरची गाणी लागतील.

आता वायरिंग. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण सेट कितीही चांगला असला तरी काम बिघडतं ते इथेच. बहुतेक सेटना पिवळी वायर कायम 12 व्होल्टची असते, स्टेशनं आणि घड्याळ तिच्यामुळे लक्षात राहतात. लाल वायर किल्ली फिरवल्यावर चालू होते आणि काळी अर्थिंगची. घाईत काही जण पिवळी आणि लाल एकत्र करून कायमच्या करंटला जोडतात. मग किल्ली काढली तरी सेट पूर्ण बंद होत नाही आणि गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. गाडीकडच्या वायरींच्या रंगांवर तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक वायर मल्टिमीटरने, म्हणजे वीज मोजायच्या यंत्राने, तपासूनच जोडायला सांगा.

त्याहून महत्त्वाचं स्पीकरचं. पुष्कळ जुन्या गाड्यांत स्पीकरची निगेटिव्ह वायर थेट गाडीच्या बॉडीला जोडलेली असते, कारण त्या काळच्या टेपना ते चालायचं. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींतून आवाजाचा करंट जातो. त्यातली एक जरी बॉडीला लागली तरी सेट बंद पडतो, कधी आतला ॲम्प्लिफायरच जळतो. म्हणून प्रत्येक स्पीकरला सेटपासून स्वतंत्र दोन वायरी नव्याने ओढून घ्या. दारातून जाताना वायर पत्र्यावर घासू नये म्हणून भोकात रबरी वॉशर हवा.

स्पीकरही नवे घ्या, जुन्यांचे कागदी पडदे वाळून फाटलेले असतात. 4 ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) चालतील. खोक्यावर 50 वॉट गुणिले 4 असं मोठ्या अक्षरात लिहितात, पण ती क्षणभराची कमाल ताकद असते. सतत मिळतात ते प्रत्येकी 20 वॉटच्या आसपास, आणि तुम्हा दोघांना तेवढे पुरेत. वेगळा ॲम्प्लिफायर कोणी गळ्यात मारू लागला तर सरळ नाही म्हणा.

काम सुरू होण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं आहे ना, हे स्वतः बघा. सांधे नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले नकोत. उन्हात गोंद पाघळतो आणि पट्टी सुटते. कनेक्टर दाबून बसवून वर आकसणारी नळी घालायला सांगा. फ्यूज जेवढ्याचा लिहिला आहे तेवढ्याचाच हवा. शेवटी इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर द्या. त्याबरोबर स्पीकरमधून वाढत जाणारी शिट्टी आली, तर बहुतेक अर्थिंग नीट नाही. जिथे काळी वायर जोडली आहे तिथला रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर ती पुन्हा घट्ट करून घ्या. हे सगळं झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

आई, काम चालू असताना तू मागच्या सीटवर बस आणि मागचे स्पीकर तुझ्या कानाला जमतील तेवढेच ठेवायला सांग. बाबांना ऐकू यावं म्हणून पुढचा आवाज वाढवला की मागे तुझं डोकं दुखतं. पुढे-मागे आवाज वाटून देण्याची सोय प्रत्येक बऱ्या सेटमध्ये असते, तिला फेडर म्हणतात.

जुना टेप टाकू नका, त्याचा कपलर, म्हणजे मागच्या वायरींचा जोड, तोही जपून ठेवा. खाचेचा आणि मागच्या वायरींचा फोटो काढून मला पाठवा. तो बघून कोणता सेट घ्यायचा ते आपण फोनवर ठरवू, तोपर्यंत काही विकत घेऊ नका.

तुमची,
लेक