आज किती झाले?

मा. संपादक,

रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घातल्याच्या बातम्या फोटोसकट छापून येतात, पण दुसऱ्या दिवशी अंथरुणात कोण पडून होतं ते काही छापून येत नाही, म्हणून हे पत्र. मी होतो.

वय ५७. गोडोलीकडच्या एका हॉलमध्ये सकाळी योगाला जातो. माझ्या शेजारच्या मॅटवर एक रिटायर्ड एसटीवाले काका असतात, माझ्यापेक्षा मोठे, त्यांचं कपाळ गुडघ्याला आरामात टेकतं आणि माझी बोटं नडगीच्या खाली जात नाहीत, एवढंच कारण बघा. साठ नमस्कारांच्या पुढं कंबर बोलायला लागली होती पण ते थांबेनात म्हणून मी पण थांबेना. एका नमस्कारात दोनदा खाली वाकायचं, म्हणजे १०८ ला २१६ वेळा, आणि मांड्यांच्या मागच्या शिरा आखडलेल्या असल्या की दमलेला माणूस सगळं कमरेतनंच ओढतो. ९१ ला लचक भरली. तरी १०८ केलेच! व्हॉट्सअपवर अंगठे आले आणि पुढचे तीन आठवडे पायमोजे बायकोनं घालून दिले.

चूक माझीच, मान्य. पण ग्रुपवर रोज नावापुढं आकडा टाकायचा, महिन्याच्या शेवटी पहिल्या तिघांना टाळ्या, सर पण म्हणणार "बघा ते कसे वाकतात", मग माणसाचं लक्ष श्वासावर राहणार की शेजारच्या मॅटवर? आपल्या साताऱ्यात तर अजिंक्यतारा किती मिनिटात चढलो हे पण न विचारता सांगतात.

पतंजलींच्या योगसूत्रात आसनाची व्याख्या 'स्थिरसुखमासनम्' एवढीच आहे, आणि लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्नशैथिल्य, म्हणजे ओढाताण सोडा. कपाळ गुडघ्याला लावा असं कुठंच नाही. उलट अस्मिता, हा जो मीपणा, तो पाच क्लेशांत धरलाय. हे मी अंथरुणात पडल्या पडल्या वाचलं, आधी वाचलं असतं तर मोजे स्वतः घातले असते.

सूर्यनमस्काराला माझा विरोध नाही. औंध आपल्याच जिल्ह्यातलं, तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्याचा अभिमान आहेच. पोरांच्या स्पर्धा पण घ्या, योगासन २०२० पासून सरकारमान्य खेळ आहे, तिथं वयोगट असतात, पंच असतात, पोरांचा सराव असतो. पण पन्नाशी ओलांडलेल्या, बीपी-शुगरवाल्या लोकांना एका लाईनीत उभं करून माईकवर आकडे कशाला म्हणायचे? क्लास चालवणाऱ्यांना आणि २१ जूनला मैदानावर कार्यक्रम घेणाऱ्यांना एवढीच विनंती, मोठ्यांसाठी आकडे आणि सर्टिफिकेट बंद करा, आणि मध्येच बसायला मोकळीक आहे हे सुरुवातीलाच माईकवर सांगा. नाहीतर कोणी बसत नाही, लाज वाटते.

मी आता बारा घालून शवासनात पडतो. त्याचीही जरा ऐट येतेच, बघा मी कसा मध्येच थांबतो म्हणून. परवा काकांनी विचारलं, "काय भाऊ, आज किती झाले?" म्हटलं, मोजले नाहीत.

मोजले होते. चौदा.

– एक वाचक, सातारा