लघुपट जपावेत, संदर्भासह दाखवावेत

महोदय,

आरंभीच्या अमेरिकन लघुपटांवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. चेहऱ्याला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे ‘मिन्स्ट्रेल’ खेळ अपमानकारक होते, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यांचे चित्रण असलेले लघुपट संग्रहांतून हटवावेत, ही लेखातील सूचना मान्य होण्यासारखी नाही. व्हॉडव्हिलचे (गाणी, नाच व विनोदी प्रवेशांच्या अमेरिकन रंगमंचीय करमणुकीचे) थोर विनोदी नट बर्ट विल्यम्स स्वतः कृष्णवर्णीय असूनही त्यांना काळा रंग लावूनच प्रेक्षकांपुढे यावे लागे. पत्त्यांविना, एकट्याने पोकरचा अख्खा डाव रंगवणारा त्यांचा गाजलेला मूकाभिनय १९१६ च्या ‘अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर’ या लघुपटात टिकून राहिला आहे. तो पुसून टाकल्यास अन्यायाच्या पुराव्याबरोबरच, त्या अन्यायाला पुरून उरलेली असामान्य कलाही आपण गमावू. शिकागोत १८९८ साली सेंट सटल व गर्टी ब्राउन या कृष्णवर्णीय रंगकर्मींवर चित्रित झालेल्या चुंबनाच्या लघुपटात तर विडंबनाचा लवलेशही नाही. दोघांचा निखळ आनंद तेवढा दिसतो. जुनी प्रत कोणीतरी जपल्यामुळेच २०१८ मध्ये त्याचा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत (जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत) समावेश होऊ शकला. असे लघुपट प्रास्ताविक निवेदनासह दाखवले जावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, सातारा